चेअरमननी चावलेला दाणा

आमच्या संस्थेत फ्रीज एकच होता आणि चेअरमनही एकच होते. दोघांचा आवाज मोठा होता आणि दोघांच्याही आत नेमकं काय चाललंय, हे सहसा कुणी उघडून बघत नसे.

संस्था साताऱ्याची. संशोधनाची. चेअरमन लालासाहेब हे कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याचेही चेअरमन. कारखाना झाला, दूध संघ झाला, तालीम झाली, मुलींचं कॉलेज झालं. मग मोकळं असं फक्त विज्ञान उरलं होतं. एक्क्याण्णव साली त्याचीही कोनशिला बसली. संचालक म्हणून डॉ. देवदत्त आठल्ये आले. ते अठ्ठ्याहत्तर साली सहा महिने जर्मनीला जाऊन आले होते आणि शहाण्णव साल उजाडलं तरी पुरते परतले नव्हते. कॅन्टीनच्या चहात साखर कमी पडली तरी त्यांना जर्मनी आठवत असे.

संस्थेचा मुख्य विषय होता एक जिवाणू. ऊस तोडून गाड्यांत दोन-तीन दिवस उभा राहिला की त्याच्या रसाला तार सुटते, रस बुळबुळीत होतो. हा उद्योग त्या जिवाणूचा. म्हणजे खरं तर त्याच्या एका एन्झाइमचा. ते एन्झाइम साखरेचा रेणू पकडतं, मधोमध तोडतं, आणि त्यातला एक तुकडा एकापुढे एक जोडत लांबलचक चिकट साखळी करत सुटतं. तोडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कसं तोडतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एन्झाइम म्हणजे एक प्रथिन, शेकडो मण्यांची माळ, गुंडाळून गुंडाळून गोळा झालेली. काम करणारे मणी त्यात दोन किंवा तीन. बाकीचे आधाराला, शोभेला आणि गर्दीला. या बाबतीत ते आमच्या संस्थेसारखंच. काम करणारे मणी कुठले, हे शोधायचं तर गोळ्याचा फोटो हवा, आणि एकट्या गोळ्याचा फोटो निघत नाही. एक जवान डोंगरावरून दिसत नाही. पण अख्खी पलटण एका ओळीत, एका अंतरावर, एका दिशेला तोंड करून उभी राहिली की दिसते. तशी एन्झाइमची पलटण उभी करायची, म्हणजे त्याचा स्फटिक करायचा. मग त्यातून क्ष-किरण सोडायचे. ते कुठे कुठे फाकले ते टिपून, गणित मांडून, एका जवानाचं नाकडोळ्यांसकट चित्र काढायचं. आणि खरी गंमत करायची असेल, तर स्फटिकाला साखरेसारखी दिसणारी खोटी साखर पाजायची. एन्झाइम ती पकडतं, पण त्याला ती तुटत नाही. हात अडकलेल्या अवस्थेत त्याचा फोटो निघतो. चोर पकडायची याहून चांगली रीत पोलिसांकडेही नाही.

हे सगळं करत होती रेश्मा. तासगावकडची, तिथल्याच, साखर शिजवणाऱ्या नाथाजी पॅनमनची मुलगी. तिची शिष्यवृत्ती एकतीस मार्चला संपणार होती. क्ष-किरणांचं यंत्र पुण्याला. त्यावर आमच्या संस्थेला तीनच दिवस मिळाले होते, जानेवारीतल्या एका सोमवारपासूनचे. त्यानंतरची पाळी आठ महिन्यांनी. म्हणजे त्या सोमवारी तिचा स्फटिक यंत्रावर चढला तर डॉक्टरेट, नाहीतर तासगाव आणि मिळेल ते स्थळ. हिशेब इतका सोपा होता.

डॉ. आठल्ये यांना फोटोची तेवढी गरज वाटत नव्हती. त्यांनी यंत्रणा तर्काने शोधून काढली होती. साखर तोडणारा मणी म्हणजे एकशे आठ नंबरचा हिस्टिडीन, असं त्यांनी एका दुपारी जेवण झाल्यावर ठरवलं. का, ते त्यांनी चार व्याख्यानांत सांगितलं, पण ते कुणाला कळलं नाही. लालासाहेबांना मात्र आकडा पटला. एकशे आठ. जपमाळेचे मणी तेवढेच. ‘‘पूर्वजांना सगळं ठावं हुतं,’’ ते म्हणाले. मग पेंटर बोलावून दर्शनी भिंतीवर ती यंत्रणा रंगवून घेतली. मधोमध तांबड्या ऑइलपेंटात एकशे आठ, बाजूने पिवळे किरण.

रेश्माचं म्हणणं होतं की साखर तोडायला आम्लधर्मी दोन मणी लागत असणार, एक धरणारा आणि एक रेटा देणारा, आणि एकशे आठचा त्यात संबंध दिसत नाही. हे तिने एकदाच बोलून दाखवलं. त्यानंतर तिच्या अर्जांवर सही व्हायला महिनाभर लागू लागला.

दोन वर्षं तिच्या स्फटिकाचा दाणाच धरेना. एन्झाइम शुद्ध करायचं, मिठाच्या दाट द्रावणात थेंबाथेंबाने तबकडीत मांडायचं, झाकायचं आणि वाट बघायची. थेंबांत कधी गाळ व्हायचा, कधी साय धरायची, कधी काहीच नाही. दिवाळीला घरी गेल्यावर तिने वडिलांना सांगितलं. नाथाजींनी तीस वर्षं कारखान्यात साखरेचं पॅन सांभाळलं होतं. पॅन म्हणजे ती उंच बंद कढई, जिच्यात पाक आटतो आणि दाणा तयार होतो. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेऊन तो उजेडात धरायचा, आणि दाणा कधी उठणार हे आधी ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर देखरेखीला होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘बी टाकलं व्हतंस का?’’

पाक किती का दाट असेना, त्यात साखरेच्या चुऱ्याचं बी टाकलं नाही तर दाणा धरत नाही, आणि धरला तर नको तिथे, नको तेवढा धरतो. पुस्तकात हीच गोष्ट होती, पण इंग्रजीत असल्यामुळे आमच्या संस्थेत ती कुणी मनावर घेतली नव्हती. रेश्माने तिला मिळालेल्या गाळातल्या बारीक कणांचं बी करायचं ठरवलं. ते एका थेंबातून दुसऱ्यात न्यायला राठ केस लागतो. परदेशात मांजराची मिशी वापरतात. तासगावचं मांजर तयार होईना, म्हणून तिने आबांची, म्हणजे नाथाजींची, वापरली. एका बाजूने मिशी जरा विरळ दिसते असं पुढे हरणाबाई, म्हणजे तिची आई, म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, कामाला लावलीय.

डिसेंबरात दाणा धरला. पावट्याच्या शेंगेवरच्या लवीएवढ्या बारीक, चपट्या, कडेला जरा फाटल्यासारख्या दिसणाऱ्या पंधरा-वीस कणांचा घोळका. दिसायला अगदी भिकार. तिने एकाला सुई टोचली, तो लोण्यासारखा दबला. एकाच्या थेंबात निळा रंग सोडला, तो रंग पिऊन निळा झाला. दोन्ही खुणा खऱ्या एन्झाइमच्या. असल्या स्फटिकात निम्मं पाणीच असतं. म्हणून तो मऊ, आणि म्हणून रंग पितो. मिठाचा स्फटिक टणक असतो आणि रंगाकडे बघतसुद्धा नाही.

ती हे सांगायला डॉ. आठल्ये यांच्या खोलीत गेली, तर तिथे गर्दी. सरांचाही स्फटिक आला होता.

झालं होतं असं की सरांनी सप्टेंबरात एका काचेच्या बशीत एक थेंब मांडला होता आणि खिडकीत विसरले होते. साळूबाई, आमच्याकडे काचसामान धुणारी, ती बशी धुवायला उचलणार तोच तिला आत काहीतरी चमकताना दिसलं. स्फटिक चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. नितळ, धारदार, सहा बाजूंचा. लालासाहेबांना फोन गेला. ते तासाभरात जीपने आले, सूक्ष्मदर्शकाची गरज नाही म्हणाले आणि बशी डोळ्यांपुढे धरली. साखरेच्या दाण्याला बाजारात प्रत असते. बारीक तो एस, मध्यम तो एम, मोठा तो एल, आणि पुढे रंगाचा आकडा. लालासाहेबांचं आयुष्य या तीन अक्षरांत गेलं होतं.

‘‘एल-तीस,’’ ते म्हणाले. ‘‘सर, नाव काढलं तुमी.’’

मग त्यांनी रेश्माची तबकडी बघायला मागितली. बराच वेळ बघून ती परत केली. म्हणाले, पोरीचं चाललंय हळूहळू, पण ही भुकटी हाय.

रेश्माने सरांना विनंती केली की पुण्याला नेण्याआधी मोठ्या स्फटिकाला एकदा सुई लावून बघू, नाहीतर निळ्याचा एक थेंब तरी सोडू. डॉ. आठल्ये यांनी चष्मा काढला. ज्याच्यासाठी शनिवारचा समारंभ ठरला, पत्रिका छापायला गेल्या, त्याला सुई टोचायची? आणि पाहुण्यांना काय निळा स्फटिक दाखवायचा? जर्मनीत असं कुणी बोललं नसतं. सोमवारी पुण्याला मोठाच स्फटिक जाईल, असं त्यांनी सांगितलं. भुकटीसाठी यंत्राचा वेळ घालवता येणार नाही.

समारंभाचं नाव स्फटिकपूजन. आता साखरेच्या मुलखात यात वावगं काही नाही. हंगामातल्या पहिल्या पोत्याची पूजा होते, चेअरमन हळदकुंकू वाहतात, चिमूटभर तोंडात टाकतात आणि हंगाम गोड जावो म्हणतात. तेच इथे. पाहुणे म्हणून पुण्याच्या यंत्राच्या प्रमुख, डॉ. गोदावरीबाई रानडे, यांना बोलावलं होतं. साठीच्या, बुटक्या, कानात कुड्या, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला आपलंच चुकल्यासारखं वाटावं.

शुक्रवारी दुपारी कंदी पेढ्यांच्या बारा पेट्या आल्या. पेढे बाहेर राहिले तर पांढरे पडतात, म्हणून डॉ. आठल्ये यांनी फ्रीज रिकामा करायला सांगितला. फ्रीजमध्ये रेश्माची तबकडी होती. ती टेबलावर ठेवून आत पेढे गेले. संशोधनापेक्षा नाशवंत गोष्ट कुठली, याचा निर्णय आमच्याकडे असा रोजच्या रोज होत असे.

साळूबाईने निरोप दिला तेव्हा तबकडी बाहेर येऊन अर्धा तास झाला होता. रेश्मा कुणाशी भांडली नाही. तिने तबकडी कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली, डबा बर्फाच्या पिशवीत ठेवला आणि तीनची एसटी धरली. कऱ्हाडपर्यंत डबा मांडीवर. पुढे तासगावच्या गाडीत उभ्याने, डबा छातीशी. कंडक्टरने विचारलं, काय एवढं जपून, तर म्हणाली, विरजण. त्याने पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवून तिला जागा करून दिली. विज्ञानाला म्हणून दिली नसती.

कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्या छताला टेकलेल्या. चार अंशांची थंडी, अंधार, शांतता. नाथाजींनी दाराजवळचा यंत्राचा हादरा टाळून मधल्या रांगेत जागा केली. खाली गोणपाटाची चौघडी घातली. मग काचेतून वाकून दाणे बघितले.

‘‘ह्ये खरं हायेत,’’ ते म्हणाले.

‘‘तुमाला कसं कळलं?’’

‘‘बी टाकून, टायमानं, एकसारखं आल्यात. त्यो तुमच्या सराचा बोलावल्याबिगर आलाय. असा दाणा पॅनमंदी आला तर आमी पाणी मारून विरघळवून टाकत हुतो. त्याची पूजा न्हाई घालत कोण.’’

रेश्मा म्हणाली की सोमवारी तोच पुण्याला जाणार. नाथाजींनी तबकडीवर आपला पटका टाकला.

शनिवारी सभागृह भरलं. माध्यमिक शाळेची दोनशे मुलं रांगेने आणून बसवली होती, कारण विज्ञानात गर्दी आपसूक होत नाही. व्यासपीठामागे कापडी फलक, त्यावर एकशे आठ. डॉ. आठल्ये यांनी स्फटिक बशीतून उचलून चांदीच्या वाटीत ठेवला होता. चाळीस मिनिटं ते बोलले. त्यातली पंचवीस मिनिटं जर्मनीत गेली. मग पूजा. लालासाहेब उठले, माइकपुढे वाटी घेतली, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, डोळे मिटले. आणि तीस वर्षांची सवय म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी बोटाला चिकटलेला दाणा तोंडात टाकला आणि चावला.

कट्.

माइक चांगला होता. शेवटच्या ओळीतल्या मुलांनाही ऐकू गेलं.

डॉ. आठल्ये यांचा हात हवेत राहिला. लालासाहेबांनी जिभेने दाढ चाचपली, चवीचा अंदाज घेतला आणि जबाबदार माणसासारखा अभिप्राय दिला. ‘‘दाणा एक नंबर टणक हाय. चव तेवढी खारी हाय. ती पुढल्या खेपंला सुधारा.’’ टाळ्या झाल्या. मुलांना पेढ्यांची घाई होती.

गोदावरीबाईंनी अर्धा खाल्लेला पेढा कागदात ठेवला आणि शेजारी येऊन टेकलेल्या डॉ. आठल्ये यांच्याकडे जरा कलून म्हणाल्या, ‘‘प्रथिनाचा स्फटिक वाजत नाही, डॉक्टर. ते मीठ होतं.’’

सरांनी नमुन्यात किरकोळ अशुद्धी असू शकते, असं काहीसं सुरू केलं. त्या ऐकत राहिल्या. ते संपल्यावर म्हणाल्या की सोमवारी यंत्र रिकामं ठेवणं त्यांना परवडत नाही; संस्थेकडे दुसरे स्फटिक असतील तर आजच सांगावं, नाहीतर ते तीन दिवस ज्यांना हवेत त्यांना दिले जातील.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. साळूबाई पेढ्यांचं ताट घेऊन समोर उभी होती.

‘‘हायेत की,’’ ती गोदावरीबाईंना म्हणाली. ‘‘रेश्माताईनं तासगावला ठेवल्यात, बेदाण्यात. हितं फ्रीजमंदी पेढं ठेवल्यात न्हवं का. अजून एक घ्या.’’

गोदावरीबाईंनी पेढा घेतला नाही. फ्रीजचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं, डायरीत काहीतरी लिहिलं, आणि सोमवारी आठला मी यंत्रावर असेन, एवढं सांगून गाडीत बसल्या.

डॉ. आठल्ये रविवारी सकाळी लालासाहेबांच्या जीपने तासगावला पोचले. समारंभाचा सूट अंगावर तसाच होता. कोल्ड स्टोरेजच्या आत पाच मिनिटांत त्यांचे दात वाजू लागले, तेव्हा नाथाजींनी त्यांच्या खांद्यांवर गोणपाट टाकलं. असे ते, सुटावर गोणपाट आणि गोणपाटावर कुणा द्राक्षबागाईतदाराचं नाव, रेश्मासमोर उभे राहिले. म्हणाले की भुकटीच का होईना, पण संस्थेच्या इभ्रतीसाठी ती मी पुण्याला घेऊन जातो. तुझं नाव आभारात येईल.

रेश्मा पेटीवर बसली होती. उठली नाही.

‘‘तबकडी मी नेणार, सर. यंत्रावर मी बसणार. निबंधात पहिलं नाव माझं, तुमचं शेवटी. आणि चित्र येईपर्यंत एकशे आठ कुठंही लिहायचं नाही.’’

सर म्हणाले, तू माझी विद्यार्थिनी आहेस.

‘‘म्हणून शेवटचं नाव ठेवलंय,’’ ती म्हणाली.

डॉ. आठल्ये नाथाजींकडे वळले. बापाने तरी मुलीला समजवावं, असं सुचवलं. नाथाजींनी मिशीच्या विरळ बाजूवरून बोट फिरवलं.

‘‘आवं सर, पॅन जो चालवतो तोच दाणा काढतो. चेअरमन खाली उभं ऱ्हात्यात, हार घालून घ्यायला. आमच्याकडं तीस वर्सं असंच चाललंय, कुणाची तक्रार न्हाई.’’

थंडी चार अंशांची होती आणि बाहेर जायची वाट रेश्माच्या पेटीवरून होती. सरांनी तिथेच, बेदाण्याच्या पावतीच्या पाठीवर, तिने सांगितलं ते लिहून सही केली. थंडीने पेनातली शाई उतरेना म्हणून पेन तेवढं त्यांनी दोनदा तोंडाशी धरून फुंकलं.

सोमवारी सकाळी आठला रेश्मा पुण्याला यंत्रापुढे होती. पंधरापैकी नऊ दाणे प्रवासात फुटले होते. दोन यंत्रावर चढवताना सुकले. तिसऱ्याने क्ष-किरण स्वच्छ फाकवले. चौथ्याला तिने खोटी साखर पाजली होती, त्यानेही फाकवले. तिसऱ्या दिवशी रात्र व्हायच्या आत गोदावरीबाईंनी फिल्मवरचे ठिपके बघून मान डोलावली. पुण्याच्या लोकांत याला जल्लोष म्हणतात. त्यांनीच पत्र लिहून शिष्यवृत्ती पुढे वाढवून घेतली. पत्रात कारण म्हणून एकच ओळ होती, की संस्थेतील शीतकरणाची व्यवस्था पेढ्यांसाठी राखीव असल्याने उमेदवाराचा वेळ गेला.

गणित मांडायला सव्वा वर्ष लागलं. सत्त्याण्णवच्या एप्रिलात चित्र पूर्ण झालं. गोळ्याला एक खोल खबदाड, तळाशी अडकलेली खोटी साखर. एका बाजूने सत्त्याऐंशी नंबरच्या मण्याने ती धरलेली. दुसऱ्या बाजूने तीनशे एकोणचाळीस नंबरचा तिला रेटा द्यायला टेकलेला. दोघंही आम्लधर्मी. एक धरणारा, एक रेटा देणारा, रेश्माने बोलून दाखवलं होतं तसंच. एकशे आठ नंबरचा हिस्टिडीन गोळ्याच्या पार बाहेर, उलट्या बाजूला, पाण्याकडे तोंड करून उभा होता.

डॉ. आठल्ये यांनी चित्र पाहिलं आणि लांब अंतरावरूनही प्रभाव पडू शकतो, असं मत नोंदवलं. जर्मनीत त्यांनी असं पाहिलं होतं म्हणे. भिंतीवरचं चित्र पुसायचा विषय कार्यकारिणीत निघाला, तेव्हा लालासाहेबांनी ऑइलपेंट पुसता येत नाही असा तांत्रिक मुद्दा मांडला. ते चित्र अजून तिथे आहे. स्वतः लालासाहेब मात्र पुढे प्रत्येक भाषणात सांगत, की खोटा स्फटिक मी चावून ओळखला. आणि हे त्यांच्या चरित्रातलं एक वाक्य तरी अक्षरशः खरं आहे. आमच्या संस्थेच्या आवारात पार पडलेला तो एकमेव निर्णायक प्रयोग होता.

निबंध छापून आला तेव्हा रेश्माने चित्राची रंगीत प्रत तासगावला नेली. पहिलं नाव तिचं. आभारात, गोदावरीबाईंच्या नावाखाली, बी पेरण्याच्या साधनाबद्दल श्री. नाथाजी यांचे आभार. साधन कुठलं ते लिहिलेलं नव्हतं. नाथाजींनी प्रत उजेडात धरली, पॅनच्या पट्टीवरचा थेंब धरावा तशी. तिने बोट ठेवून दाखवलं, हा धरतो, हा रेटा देतो. त्यांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट सरकत सरकत गोळ्याच्या बाहेरच्या कडेला गेलं.

‘‘आन ह्यो गं कोण?’’

‘‘एकशे आठ.’’

‘‘काय करतोय हितं?’’

रेश्मा म्हणाली, काही नाही.

नाथाजींनी प्रत घडी न घालता बेदाण्याच्या पेटीवर सरळ ठेवली.

‘‘फोटोत यायला हुबा ऱ्हायलाय,’’ ते म्हणाले.